फोटोपुरत्या तारा

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष माननीय अनिलराव सुर्वे. दवाखाना बंद ठेवून रत्नागिरीहून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, दंतवैद्य डॉक्टर मृणाली खेडेकर. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणारे आणि आजपासूनच तिच्याकडे काळजीने पाहणारे विनीत घाणेकर सर. व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय सभासद. माझे शिक्षक सहकारी, शिक्षकेतर कर्मचारी, पालक, ग्रामस्थ, पुढे सतरंजीवर नीट मांडी घालून बसलेल्या विद्यार्थिनी. आणि भाषण लांबलं तर पळता यावं म्हणून मागच्या दाराला टेकून उभे असलेले दहावी ‘ब’चे विद्यार्थी. मी तुम्हाला पाहते आहे. आत या. कडी लावून घ्या.

मघापासून या व्यासपीठावर माझ्याविषयी जे बोललं गेलं, ते मी शांतपणे ऐकून घेतलं. घाणेकर सर म्हणाले, बाई वरून कठोर पण आतून मऊ, अगदी फणसासारख्या. सर, तुम्ही माझ्याबरोबर बावीस वर्षं काढलीत. आतला गरा तुम्हाला नक्की कधी दिसला? अध्यक्षमहाराज म्हणाले, बाईंनी शाळेला वळण लावलं. त्यावर शिक्षकांच्या रांगेत कोणीतरी खोकलं. तो खोकला मी ओळखते. पण आज माझा शेवटचा दिवस आहे, म्हणून सोडून देते.

सत्काराला उत्तर देताना माणसाने आपल्या कारकिर्दीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. मी तो घेणार नाही. भूमिती शिकवली, मुलं पास झाली, काही झाली नाहीत, संपला आढावा. मी तुम्हाला माझ्या दातांविषयी सांगणार आहे. हसा, हसा. सगळ्यांना जे दिसतंच आहे, ते लपवण्यात काय अर्थ? अठ्ठावन्नाव्या वर्षी तोंडात तारा घालून निवृत्त होणारी मुख्याध्यापिका या जिल्ह्यात दुसरी असेल, असं मला वाटत नाही. असली तर तिने मला जरूर भेटावं. दोघी मिळून मऊभात खाऊ.

या शाळेत मुलं मला पाठीमागे ‘खवणी’ म्हणतात, हे मला माहीत आहे. नारळाची खवणी. माझे वरचे दात लहानपणापासून पुढे. ओठ मिटायचे तर कष्ट करून मिटावे लागत. त्यातून समोरच्याला खरवडायची सवय. तेव्हा नाव चपखलच होतं. ज्याने ते ठेवलं त्याला रूपक हा अलंकार समजला होता, असं मी मराठीच्या कुलकर्णीबाईंना त्याच वेळी सांगितलं होतं.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर मृणाली आपल्या शाळेत दंततपासणीला आल्या. मूळच्या दापोलीच्या, रत्नागिरीत दवाखाना नवा. म्हणजे त्या माझ्या हाताखालून गेलेल्या नाहीत, आणि म्हणून मला घाबरण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

आठवीची रांग चालू होती. त्यात शमिका होती. तीच शमिका, जिने आज या कार्यक्रमाचं प्रास्ताविक केलं. तेव्हा ती कशी होती, हे तिच्या वर्गाला ठाऊक आहे. बोलायचं तर हात तोंडावर, हसायचं तर ओढणी तोंडावर, फळ्याजवळ बोलावलं तर डोकं खाली. तिचे वरचे दात माझ्याहून पुढे होते, आणि खो-खो खेळताना पडून त्यातल्या एकाचा कोपरा आधीच उडाला होता. दात पुढे असले की मार आधी त्यांनाच लागतो.

डॉक्टर म्हणाल्या, “आ कर.” शमिकाने हात काढला नाही. मी तिथेच उभी. मी माझ्या आवाजात म्हटलं, “शमिका, तोंड उघड!”

हाताच्या आडून ती पुटपुटली, “बाईंचेपण पुढंच हायत. त्यांना कुठं कोण तपासतंय?”

सगळी रांग थिजली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, “बरोबर बोलतेय ती. बाई, या. बसा खुर्चीत.”

आणि मी बसले! का बसले, हे मला आजही सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत मी आ वासून गप्प बसले आहे, हे दृश्य आपल्या शाळेने प्रथमच पाहिलं. काही मुलं सातवीच्या वर्गातून ते बघायला आली होती.

डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, “बाई, तुमचे पुढचे दात वयाबरोबर आणखी पुढे सरकतायत, फटी पडतायत. आधी हिरड्यांवर उपचार करू. हाड चांगलं आहे, ते टिकलं तर तारांनी दात मागे आणता येतील. नाहीतर काही वर्षांनी हलायला लागतील.”

मी म्हटलं, “या वयात तारा? लोक काय म्हणतील?”

त्या म्हणाल्या, “लोकांचे दात मी तपासलेत. ते काही म्हणायच्या परिस्थितीत नाहीत.”

तरी मी नकोच म्हटलं. शमिकाचं मात्र मनावर घेतलं. तिचे बाबा मुंबईला नोकरीला. फोनवर ते लगेच तयार झाले. आई तयार झाली. राहिली आजी. त्या हौसाआजी तिथे तिसऱ्या रांगेत, खांबाशी बसल्या आहेत. नमस्कार, आजी. त्यांच्या घरी मी स्वतः गेले. जाताना मनात व्याख्यान तयार केलं होतं: वाढीचं वय, चावण्याची क्षमता, आत्मविश्वास, मुलींचं भवितव्य. ओटीवर बसून मी ते सगळं म्हणून दाखवलं. आजींनी पानाला चुना लावत पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“बाय म्हाजे! पोरीच्या तोंडात तारा? ती काय आंब्याची बाग हाय, कुंपण घालायला?”

मी पुन्हा समजावलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. “तुमचेय दात पुढंच हायत की वो. तुमी घातल्यात कदी तारा? नाय ना? मग तुमचा काय अडला? हेडमास्तर झालात की!”

मंडळी, मी भूमितीची शिक्षिका. समोरच्याचा युक्तिवाद कुठे चुकतो, हे मला ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं. या युक्तिवादात मला बोट ठेवायला जागा सापडेना. मी होते ना समोर बसलेली, त्यांच्या सिद्धांताचा चालताबोलता पुरावा! आणि हरायची तर मला सवय नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “मीसुद्धा लावते आहे तारा. पुढच्या आठवड्यात.”

दाराआडून शमिका बाहेर आली. हात तोंडावरच. “खरंच, बाई?”

“मी कधी खोटं बोलते का?”

“मग तुमी जोपर्यंत ठेवाल तोपर्यंत मीपण ठेवीन.”

असा हा करार झाला. समाजसेवा म्हणून नव्हे, त्यागाने तर मुळीच नव्हे. एका म्हातारीला उत्तर सुचलं नाही म्हणून मी तारा लावल्या. हिरड्यांचे उपचार व्हायचे होते, म्हणून पुढच्या आठवड्याचे दोन महिने झाले, तेवढीच सवलत मिळाली.

आजी एकदा दवाखान्यातही आल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की दात जोराने मागे ओढायचे नसतात, अगदी हलका जोर सतत लावायचा, म्हणजे हाडातून दात हळूहळू वाट काढतो. आजी म्हणाल्या, “म्हंजे पडवळ सरळ वाढावा म्हणून धोंडा बांधतो तसा.” डॉक्टर दापोलीच्या, शेतीच्या गावच्या. त्यांना ते इतकं आवडलं की आता त्या सगळ्या पेशंटना तसंच सांगतात. मी विचारलं, “मग जरा मोठा धोंडा बांधला तर लवकर नाही का होणार?” डॉक्टर म्हणाल्या, “नाही, बाई. जास्त जोर लावला तर मुळं झिजतात.” आणि डॉक्टर, आजी, शमिका, तिघीही माझ्याकडे बघत राहिल्या. का बघत राहिल्या, कोण जाणे. घाणेकर सर, तुम्ही मात्र हे लिहून ठेवा.

तारा लागल्यावर पहिले चार दिवस मी पेजेवर काढले. प्रार्थनेच्या वेळी ‘सावधान’ म्हटलं की ‘स’बरोबर शिट्टी वाजे आणि मागच्या रांगेतली मुलं धावायला लागत. जेवल्यावर दर वेळी घासायचं, म्हणून मी शिक्षकांच्या खोलीतल्या बेसिनपाशी फेस काढत उभी. शमिका नळावर. नळावर गर्दी असली की ती माझ्या शेजारी येऊन उभी राही. आम्ही बोलत नसू. तोंडात ब्रश असताना बोलू नये, हा मीच केलेला नियम.

दर महिन्याला तारांवरची रबरं बदलतात. ती रंगीत असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारलं, “रंग कोणता, बाई?” मी म्हटलं, “मला असल्या गोष्टींत रस नाही. शेजारच्या खुर्चीत जो लावाल तो लावा.” शेजारच्या खुर्चीत शमिका होती. दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याची तपासणी होती. साहेबांचं स्वागत मी पोपटी दातांनी केलं. त्यांनी तपासणी अर्ध्या वेळात आटोपली. शेरा उत्तम दिला.

आता एक प्रसंग मी सांगितला नाही तर डॉक्टर सांगतील, म्हणून मीच सांगते. कडक खायचं नाही, हा पहिला नियम. एका दुपारी नववीच्या वर्गात बाकाखाली कुरकुर ऐकू आली. फणसाचे तळलेले गरे. मी पिशवी जप्त केली, पाच मिनिटं शिस्तीवर बोलले आणि पिशवी माझ्या टेबलावर आणून ठेवली. पिशवीचं तोंड उघडं राहिलं होतं. खोबरेल तेलात तळलेले, मीठ बेताचं. पुढचं सांगायला नको. कट्ट असा आवाज झाला, आणि दातावर तार धरून ठेवणारा ब्रॅकेट निघाला.

डॉक्टर म्हणाल्या, “काय खाल्लंत?”

“वरणभात.”

त्यांनी चिमट्याने मागच्या तारेत अडकलेला एक पिवळा तुकडा काढला आणि दिव्यापाशी धरला. “हा वरणातला, की भातातला?”

शेजारच्या खुर्चीत शमिका छताकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

हे असं आणखी दोनदा झालं. त्याच गऱ्यांनी, हे मी सांगत नाही. तुम्ही ओळखलं आहे. शमिकाचा मात्र एकही ब्रॅकेट कधी निघाला नाही. परिणाम असा झाला की तिचे दात वेळेवर मागे जात राहिले आणि माझे रेंगाळले. आधीच या वयात हाड सावकाश हलतं. त्यात पेशंट अशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “बाई, निवृत्तीच्या दिवशी तारा तोंडात असतील.”

इथे आपल्या सभागृहाची एक रीत आहे, ती पाहुण्यांना माहीत नसेल. डावीकडच्या भिंतीवर पाहा. या शाळेच्या प्रत्येक मुख्याध्यापकाचा फोटो निरोपाच्या दिवशी तिथे लागतो. आजवर सगळे पुरुष, सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली, सगळ्यांच्या कपाळावर आठी. माझी जागा शेवटची. तो पडदा आहे तिथे.

तीन-चार महिन्यांपूर्वी अध्यक्षमहाराजांचा मला फोन आला. “बाई, फोटो कायमचा राहणार. पन्नास वर्षं लोक बघणार. फोटोपुरत्या तारा काढून घ्या. नंतर परत लावता येतील.” अध्यक्षांचा आवाज असा आहे, की फोन नसता तरी मला ऐकू आला असता. ऑफिसात सर्वांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत शाळेने ऐकलं.

खरं सांगू का? मला ते पटलं. इतकी वर्षं ओठ ओढून मिटले, फोटो टाळले. आता दात निम्मेअधिक मागे गेलेत, तर एक फोटो तरी चांगला यावा, असं बाईमाणसाला वाटणार नाही का? मी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाल्या, “काढता येतील. पण दातांना जुनी जागा आठवत असते. दाब गेला की ते परत निघतात. शिवाय त्या करारात तुम्ही एकट्या नाही आहात, बाई.” मी म्हटलं, “माझ्या तोंडाचं मी बघेन.” आणि खुर्चीत जाऊन बसले.

तेवढ्यात दार उघडून हौसाआजी आणि शमिका आत आल्या. पाळी त्यांची नव्हती. शमिकाने मला पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, “बाई काढतायत ना? मग माझ्यापण काढा. मामाचं लगीन हाय. मुंबैची सगळी येणार. मावसबहिणी मला चिडवतात.”

आजी म्हणाल्या, “शाळंत सगळी बोलतात, बाई काढतायत. मग हिचंच काय अडलंय?”

तोच युक्तिवाद! दोन वर्षांनी, त्याच म्हातारीकडून, तोच! डॉक्टरांनी मला हळूच सांगितलं की शमिकाचे काही दात जागा करायला काढले होते, त्या जागा अजून पूर्ण भरलेल्या नाहीत. आत्ता सोडलं तर पुढचे दात सुटतील, केलेलं सगळं वाया जाईल, आणि ही मुलगी पुन्हा या खुर्चीत बसणार नाही. मी शमिकाकडे पाहिलं. तिचा हात परत तोंडाकडे निघाला होता.

मी म्हटलं, “कोण म्हणतं मी काढतेय? माझी तार टोचतेय मागे. ती कापायला आले.”

डॉक्टर मृणालींचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी पक्कड घेतली आणि माझी अजिबात न टोचणारी तार कापली. तेव्हापासून ती टोचायला लागली. आजही टोचते आहे.

शमिकाने हात खाली घेतला. मग आजीला म्हणाली, “चल गो. बाईंच्या निघत नायत तर माझ्या कशाला?” मामाच्या लग्नात ती तारा घालून गेली. तिथे काय झालं ते मला कळलं: चिडवणाऱ्या मावसबहिणीला ती म्हणाली, “आमच्या हेडबाईंनापण हायत. जा, त्यांना जाऊन चिडव.” ती मावसबहीण अजून आलेली नाही. मी वाट पाहते आहे.

गेल्या आठवड्यात शमिकाच्या तारा निघाल्या. आज तिने जे प्रास्ताविक केलं, त्यात माझ्याविषयी चार गोष्टी अतिशयोक्तीच्या होत्या आणि एक उच्चार चुकला. पण तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं, की तिचे दोन्ही हात पूर्ण वेळ पोडियमवर होते? माझ्या आलं.

मात्र तारा निघाल्या म्हणजे काम संपलं, असं नाही. पुढे रिटेनर लावायचा असतो, दात परत जाऊ नयेत म्हणून. शमिका, तुझा रिटेनर कुठे आहे? दप्तरात? ऐका, मंडळी. म्हणते, प्रास्ताविकापुरता काढलाय. ‘पुरता’! या शब्दावर रागवायचा अधिकार मला आहे का, याचा मी विचार करते आहे. कार्यक्रम संपला की लाव.

आता फोटो. फोटोग्राफर आपलाच माजी विद्यार्थी. म्हणाला, “बाई, तोंड मिटा, सगळ्यांचे तसेच आहेत.” मी मिटलं. आणि गंमत अशी, की आयुष्यात प्रथमच ते सहज मिटलं. कष्ट पडले नाहीत. तो फोटो छान आला आहे, माझ्या कपाटात आहे. मग मी त्याला म्हटलं, आणखी एक काढ. तो म्हणाला, “जरा हसाल का?” मी म्हटलं, “मी हसत नाही.” तो म्हणाला, “ते माहितीये, बाई. मी आठवीत दोन वर्षं होतो.” तेवढ्यात जे व्हायचं ते झालं आणि त्याने बटण दाबलं.

त्या पडद्यामागे तो दुसरा फोटो आहे. अध्यक्षमहाराज, तुमचा चेहरा पडला, ते मी पाहिलं. रंग पोपटी आहे, हेही आत्ताच सांगून ठेवते. पण आज पाचवी ते नववीत मिळून सात तोंडांत तारा आहेत. उद्या त्यांना कोणी काही बोललं, तर त्यांचं म्हणून कोणीतरी त्या भिंतीवर असायला हवं. म्हणून मी तो निवडला. थोडा गर्वही आहे. दोन वर्षं पेज प्यायले आहे.

संस्थेचे, सहकाऱ्यांचे, पालकांचे मी मनापासून आभार मानते. डॉक्टर मृणाली, मला न घाबरल्याबद्दल तुमचे विशेष आभार. हौसाआजी, तुम्हाला मी अजूनही उत्तर देऊ शकलेले नाही. प्रयत्न चालू आहे. माझ्या बोलण्यात काही अक्षरांना शिट्टी वाजली असेल, तर तो दोष तारांचा समजावा. त्या यथावकाश निघतील. जे शब्द टोचले असतील, ते मात्र माझे स्वतःचे आहेत, आणि ते निघणारे नाहीत. तेवढे पदरात घ्यावेत, ही नम्र विनंती.

रीतीप्रमाणे पडद्याची दोरी अध्यक्षांनी ओढायची असते. अध्यक्षमहाराज, आज तेवढी मुभा द्या. शमिका, वर ये. लाजायचं काय त्यात? हात तोंडावर नको. दोरीवर.

हं. ओढ.